संत गाडगेबाबा : प्रश्नांतून शिकवणारा लोकशिक्षक

पहाटेच्या प्रार्थनेआधी आवार झाडण्याची पाळी ज्यांच्या वाट्याला आली आहे, अशा आपल्या माजी विद्यार्थ्यांना खराट्याचा तो खर्रखर्र आवाज अजून आठवत असेल. समुद्रावरून वारा येणाऱ्या गावात आवार कधी स्वच्छ राहतच नाही. माडाच्या झावळ्या, सुरूच्या काड्या आणि वाळू पुन्हा येऊन पडतात. त्या खराट्याबरोबर ज्या थोर पुरुषाचे नाव महाराष्ट्रात कायमचे जोडले गेले, त्या संत गाडगेबाबांची तसबीर आपल्याकडे भगवान बुद्ध, महात्मा फुले आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या तसबिरींच्या रांगेत असते. पण स्वच्छतेच्या पलीकडे जाऊन त्यांनी लोकांना कसे शिकवले, याचा विचार आपण फारसा करीत नाही. निरक्षर श्रोत्यांच्या मनात, त्यांच्या श्रद्धेची टवाळी न करता, कार्यकारणाचा विचार रुजवण्याची जी रीत या निरक्षर माणसाने शोधली, ती शिक्षकांनी आणि पालकांनी नीट पाहण्यासारखी आहे. म्हणून या स्मरणिकेसाठी त्यांचे चरित्र त्या अंगाने सांगण्याचा हा प्रयत्न.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनात गेले, तेव्हा डेबू जेमतेम आठ वर्षांचा होता. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आली. मामा चंद्रभानजींच्या शेतात डेबू वाढला. गुरे राखणे, नांगर धरणे, रात्री भजनाला बसणे असे त्याचे दिवस होते. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही.

मामा कष्टाळू आणि भोळा माणूस होता. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे न कळता त्याने अंगठा उठवला आणि हाताखालची जमीन गेली. त्या धक्क्यातून तो उठला नाही. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबूजीने त्यांना शेतातून हुसकावून लावले, असे चरित्रकार सांगतात. बाबांच्या आयुष्यात समोरासमोरचा झगडा असा एकदा येऊन गेला, हे लक्षात ठेवले पाहिजे. पुढे त्यांनी दुसरा मार्ग धरला तो भित्रेपणातून नव्हे. अक्षर न कळणाऱ्याला कोणीही लुबाडू शकतो, हे त्यांनी घरातच पाहिले होते. शिक्षणाचा ध्यास त्यांना लागला तो या अंगठ्यापासून.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला ज्ञातीच्या रिवाजाप्रमाणे दारू आणि मटणाची पंगत द्यायची होती. डेबूजींनी गोडाधोडाचे साधे जेवण दिले. जातभाई नाराज झाले, पण उठून गेले नाहीत. व्याख्यान न देता केलेले हे त्यांचे पहिले लोकशिक्षण म्हणावे लागेल.

तो काळही ध्यानात घ्यावा. डेबूजी वीस वर्षांचा शेतकरी होता तेव्हा, १८९६ च्या उत्तरार्धात, मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. सरकारने शास्त्राच्या नावाने जे उपाय योजले ते सक्तीचे होते. घरात शिरून झडत्या घेणे, रोग्याला उचलून नेणे, सामान जाळणे. त्याच ऑक्टोबरात मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. पुढच्या वर्षी २२ जून रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. उपायांमागचे शास्त्र काही प्रमाणात खरे होते, पण ते ज्या तोंडाने सांगितले गेले त्यावर लोकांचा विश्वास नव्हता. त्याच मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. लोकांना सांगण्याआधी स्वतःवर करून दाखवणारा तो शास्त्रज्ञ भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काम करीत होता. या जागेचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा पोशाख, हातात काठी, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, आणि जवळ एक फुटके मडके. तेच ताट, तेच पाणी प्यायचे भांडे, उन्हात तीच टोपी. वऱ्हाडात अशा मडक्याला गाडगे म्हणतात. त्यावरून लोकांनी त्यांना गाडगेबाबा हे नाव दिले. त्यांनी स्वतः कसलेही नाव लावून घेतले नाही, कुणाला शिष्य केले नाही, कुणाला पाया पडू दिले नाही. वाकणाऱ्याच्या पाठीत काठी बसायची.

त्यांच्या कामाची रीत ठरलेली असे. गावात शिरताच ते कुणाशी न बोलता रस्ता झाडू लागत, गटारे उपसू लागत. आधी लोकांना हा वेडा वाटे. मग पोरे गोळा होत, मग एखादा तरुण लाजून हातात झाडू घेई. दुपारी कष्टाच्या बदल्यात भाकरी मागून खायची आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन. दिवसभर ज्याने आपली घाण काढली त्याचे रात्री ऐकून घ्यायला गाव तयार असे. कोणी काय सांगितले यापेक्षा ते सांगणारा आपल्यासाठी काय करतो हे लोक आधी पाहतात. प्लेगच्या अधिकाऱ्यांना हे कळले नव्हते.

आता त्या कीर्तनाविषयी. परंपरागत कीर्तनकार पूर्वरंग आणि उत्तररंग मांडतो, श्रोते ऐकतात. बाबांच्या कीर्तनात श्रोत्यांना गप्प बसता येत नसे. गोपाळाच्या नामाचा गजर झाला, तुकोबांचा किंवा कबीराचा आधार घेतला, की बाबा वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारू लागत, आणि हजारोंचा समुदाय एका आवाजात उत्तर देई. प्रश्न इतका साधा असे की उत्तर न देणे अशक्य. जगात जाती किती, असे ते विचारत. लोक अठरापगड नावे सांगू लागत. मग बाबा एकेका जातीची ओळख अंगावर कुठे दिसते ते दाखवायला सांगत, आणि शेवटी स्त्री आणि पुरुष या दोनच जाती उरत. हा निष्कर्ष काढलेला असे श्रोत्यांनी. बाबांनी फक्त वाट दाखवलेली.

देवळातल्या देवाबद्दलही तसेच. त्याला आंघोळ कोण घालते, धोतर कोण नेसवते, नैवेद्याजवळ कुत्रे येऊ नये म्हणून काठी घेऊन कोण बसते, आणि गाभाऱ्यात दिवा नसला तर देव दिसतो का, असे प्रश्न एकापाठोपाठ एक येत. दिवा विझला तर देव दिसत नाही, मग मोठा कोण, या प्रश्नावर हशा पिकत असे. त्या हशात भाविकही असत, कारण त्यांचा अपमान झालेला नसे. त्यांच्याच रोजच्या अनुभवाकडे त्यांना वळून पाहायला लावलेले असे. जत्रेत बोकड कापणाऱ्यांना ते पापी म्हणत नसत. देवी सगळ्यांची आई ना, असे आधी कबूल करून घेत, आणि मग बोकडाची आई कोण एवढेच विचारत.

सत्यनारायणाच्या कथेविषयीचा त्यांचा प्रश्न आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला विशेष भिडावा. प्रसाद न घेतल्याने साधुवाण्याची नौका बुडाली आणि घेतल्यावर ती वर आली, असे त्या कथेत आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची मोठमोठी जहाजे समुद्रात बुडाली होती. पूजा घालून त्यांतले एक तरी वर काढता येईल का, असे बाबा श्रोत्यांना विचारत. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हा गमतीचा सवाल वाटला असेल. आपल्या अलिबाग-रेवस परिसरात तो वेगळा ऐकू येतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या दिवशी खवळलेला समुद्र, बोटीची अवस्था, तिच्यावरची गर्दी यांचा विचार करायचा, की कुणाचा कोप झाला याचा, हा प्रश्न अशा गावांत केवळ कीर्तनाचा राहत नाही. दर्याला नारळ अर्पण करणारा आपला कोळी बांधवही वाऱ्याचा अंदाज घेऊनच होडी लोटतो. बाबांनी त्याला नारळ सोडायला सांगितले नसते. अंदाज चुकला तर नारळ होडी सावरतो का, एवढे विचारले असते, असे मला वाटते.

नदीकाठी पितरांना पाणी देणाऱ्यांसमोर त्यांनी ओंजळीने काठावर पाणी फेकायला सुरुवात केली आणि हे पाणी मी दूरच्या माझ्या शेताला देत आहे, असे सांगितले, ही गोष्टही प्रसिद्ध आहे. अशीच गोष्ट गुरू नानकांचीही सांगतात. लोकशिक्षकांच्या गोष्टी अशा एकमेकांत मिसळतात; तिच्यातला प्रश्न मात्र दोघांच्याही स्वभावाशी जुळणारा आहे.

ही पद्धत आपल्या परंपरेला परकी नाही. मेलेले मूल कवटाळून आलेल्या किसा गोतमीला भगवंतांनी मृत्यूवर प्रवचन दिले नाही. ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितले, आणि घरोघर फिरताना तिला स्वतःलाच उमगले. कालामांनाही परंपरेने आले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असाच उपदेश झाला. बाबांनी पाली ग्रंथ वाचले नव्हते. ते वाचूच शकत नव्हते. तरी रीत तीच दिसते.

या संवादात विज्ञान कुठे होते, असे कोणी विचारील. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ साली नकाशावर दाखवले होते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात रोग्यांच्या आतड्यांत आणि तलावाच्या पाण्यात तिचे जंतू पाहिले होते. पण पंढरीच्या वाळवंटात उतरलेल्या लाखो वारकऱ्यांपर्यंत हे कोणी नेले? यात्रेनंतर पटकी गावोगाव पोहोचत असे आणि मरीआईचा कोप म्हणून गाडे ओढले जात. बाबांच्या हाती सूक्ष्मदर्शक नव्हता. जिथे घाण करता तिथलेच पाणी पिता का, हा प्रश्न होता, आणि वाळवंट झाडणारे त्यांचे हात होते. जंतूचे नाव न घेता जंतूपासून वाचायची रीत त्यांनी लोकांच्या गळी उतरवली.

विदर्भात पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे घाट बांधण्यापासून त्यांचे बांधकाम सुरू झाले. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. लोकांनी दिलेल्या पैशाचा ते चोख हिशेब ठेववीत आणि त्यांचे नातेवाईक त्या धर्मशाळांत हक्काने राहू शकत नसत. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. हाफकिन यांनी जिथे लस टोचून घेतली ते ग्रँट मेडिकल कॉलेज याच आवारातले. खेड्यातला माणूस मांत्रिकाकडे जातो तो केवळ अज्ञानाने नव्हे. मुंबईत रोग्याला नेले तर बरोबरच्यांनी रात्री कुठे झोपायचे, हाही त्याच्यापुढचा प्रश्न असतो. दवाखान्यात जा असे कीर्तनात सांगणाऱ्या बाबांनी त्या प्रश्नाचीही सोय केली.

पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंना कुठेच थारा मिळत नसे. त्यांच्यासाठी बाबांनी उभारलेली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी दिली. यात्रेकरूंची ओसरी विद्यार्थ्यांची खोली झाली. आपल्यापैकी जे वसतिगृहात राहून शिकले त्यांना या दानाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. बाबासाहेब कायदामंत्री असताना आजारी बाबांना भेटायला गेले आणि कुणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्यांच्याकडून दोन घोंगड्या स्वीकारल्या, असे सांगितले जाते. कर्मवीर भाऊराव पाटलांशीही त्यांचा जिव्हाळा होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कराडला काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचेच नाव दिले.

येथे एक शंका मोकळेपणाने मांडली पाहिजे, कारण आपल्या वाचकांच्या मनात ती असतेच. संवादाने सगळे होते का? आपल्याच रायगड जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ले झाले आणि शेण-गोमूत्र मिसळलेल्या १०८ घागरी ओतून ते तळे शुद्ध करून घेण्यात आले. पिण्याच्या पाण्यात शेण कालवून ते शुद्ध झाले असे मानणाऱ्यांना कोणता प्रश्न विचारायचा? तिथे सत्याग्रह लागला, आणि १९३७ पर्यंत न्यायालयात लढावे लागले. हक्क नाकारणाऱ्यासमोर बाबासाहेब ठाम उभे राहिले. बाबा ज्यांच्याशी बोलत होते ते बहुतेक स्वतःच नाडलेले होते. दारूत, कर्जात, नवसात बुडालेले. अशा माणसावर आवाज चढवला तर तो आपल्या समजुतीला अधिकच घट्ट धरतो. दोन कामे वेगळी होती आणि दोघांनाही ते ठाऊक असावे. बाबा आपल्या कीर्तनात बाबासाहेबांचेच उदाहरण देत. त्यांच्या वडिलांनी मुलाला शिकवले म्हणून तो मुलगा देशाची घटना लिहू शकला, तेव्हा जेवायचे ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असे त्यांचे सांगणे होते.

बाबांचे चरित्र लिहिणारे प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे हे आपल्याच पनवेलचे, जन्म १८८५ चा. त्यांची लेखणी आसूडासारखी होती. भटशाही आणि हुंडा यांच्यावर ते तुटून पडत. अशा लढाऊ माणसाने बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र मनापासून लिहावे, हे मला अर्थपूर्ण वाटते. गो. नी. दांडेकरही पोरवयात बाबांबरोबर राहिले होते.

बाबांना सदैव सौम्य ठरवणेही बरोबर नाही. ते रागावत, टोचून बोलत, श्रीमंतांना भर सभेत ऐकवत. सगळीकडे त्यांचे सांगणे टिकले असेही नाही. कीर्तनाच्या रात्री बंद झालेली पशुहत्या पुढच्या जत्रेत पुन्हा सुरू झाल्याची गावे असणारच, आणि नवस-गंडेदोरे आजही आपल्या आसपास आहेत. स्वतः बाबांच्या फोटोला हार घालून आरती करणारे लोकही आहेत. त्यांच्या पाठीत ती काठी आज बसत नाही एवढेच. घरादाराची किंमतही त्यांनी मोजली. १९२३ साली एकुलता मुलगा गोविंदा वारला, तेव्हा बाबा घरापासून दूर कीर्तन करीत होते. बातमी कानावर आली, आणि कीर्तन थांबले नाही. हे वाचताना कुंताबाईंचा विचार मनात येतो. त्यांच्याविषयी चरित्रांत फार थोडे लिहिलेले आहे.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांसमोर बाबांचे शेवटचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण झाले हे आपले भाग्य. थकलेला पण खणखणीत आवाज त्यात प्रश्न विचारतो आणि जमलेला समुदाय उत्तर देतो. पालकांनी ते मुलांना एकदा ऐकवावे. बोली कळायला थोडा वेळ लागतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नापासून मुलेही त्या समुदायाबरोबर उत्तरे देऊ लागतात.

त्यानंतर महिनाभरातच, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बाबा तेव्हा स्वतः आजारी होते. त्यांना अमरावतीकडे नेत असताना २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांची प्राणज्योत मालवली. आपले देऊळ, पुतळा किंवा मठ उभारू नये, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले होते, असे चरित्रकार नमूद करतात. अमरावतीत जिथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.